नवरा-बायको दोघेही एचआयव्हीबाधित असतील, तर दोघांचे विषाणू मिसळून नवा विषाणू तयार होतो का?

विचारणारे गृहस्थ सोलापुरात यंत्रमाग कारखान्यात नोकरीला आहेत. ते आणि त्यांच्या पत्नी दोघेही एचआयव्हीबाधित असून दोघांनाही सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) केंद्रातून टीएलडीची, म्हणजे तीन औषधे एकत्र असलेली, गोळी मिळते. गृहस्थांच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाच्या, अहवालावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू आढळला नाही) असे आले आहे. पत्नीचा अहवाल मात्र या वेळी ४,२०० आला. वडिलांच्या आजारपणामुळे त्या अक्कलकोट तालुक्यात माहेरी राहिल्या होत्या आणि तिथे गोळ्या संपल्या, असेही त्यांनी ओघात लिहिले आहे. समुपदेशकांनी दोघांनाही कंडोम वापरायला सांगितले. एका नातेवाइकाचे म्हणणे असे की दोघेही पॉझिटिव्ह असताना आता भीती कशाची. आणि इंटरनेटवर त्यांनी वाचले की दोन माणसांचे एचआयव्ही एकत्र आले की ‘रिकॉम्बिनेशन’ होऊन कोणत्याच औषधाला न जुमानणारा विषाणू तयार होतो. हे खरे आहे का, आपल्या विषाणूचा ‘सबटाइप’ (उपप्रकार) खासगी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा का, आणि पुढे मूल हवे असेल तर काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी सोलापुरात बरीच वर्षे एचआयव्हीचे रुग्ण पाहतो आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापुढे वारंवार येतो. आपण वाचलेली गोष्ट पूर्णपणे खोटी नाही. रिकॉम्बिनेशन, म्हणजे जनुकीय पुनर्संयोजन, एचआयव्हीत खरोखर होते, फार मोठ्या प्रमाणावर होते, आणि जगभरात या विषाणूचे जे असंख्य प्रकार दिसतात त्यामागचे ते एक मुख्य कारण आहे. परंतु आपल्या घरातला आजचा प्रश्न पुनर्संयोजनाचा नसून पत्नीच्या अहवालावरील ४,२०० या आकड्याचा आहे. तो आकडा खाली आला, तर पुनर्संयोजनाला लागणारा कच्चा मालच उरत नाही. तो तसाच राहिला, तर आपल्याशी कोणताही संबंध न येताही त्यांच्या एकट्यांच्या शरीरात तीच प्रक्रिया चालू राहील. असे मी का म्हणतो, हे कळण्यासाठी विषाणू बदलतो कसा, हे थोडे सविस्तर पाहावे लागेल.

एचआयव्हीची सगळी जनुकीय माहिती आरएनएच्या एका साखळीत असते आणि तिची लांबी सुमारे ९,७०० अक्षरे भरते. पेशीत शिरल्यावर या आरएनएवरून डीएनए तयार करण्याचे काम ‘रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज’ हे विकर (एन्झाइम) करते. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे या विकराचा शोध लावला आणि १९७५ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पेशींमध्ये डीएनएची नक्कल होताना झालेली चूक तपासून दुरुस्त करण्याची सोय असते. या विकरात ती सोय नाही. एक लाख अक्षरे उतरवताना त्याच्या हातून साधारण तीन चुका होतात, म्हणजे संपूर्ण विषाणूच्या तीन-चार नकला झाल्या की त्यांत एखादी चूक येतेच. हे प्रमाण कमी वाटेल. परंतु उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी विषाणूकण तयार होतात, हे लक्षात घेतले तर ९,७०० पैकी कोणत्याही एका अक्षरात होऊ शकणारा जवळजवळ प्रत्येक बदल त्या शरीरात दररोज कुठे ना कुठे घडत असतो. म्हणूनच १९८७ मध्ये झिडोव्हुडिन हे पहिले औषध आले तेव्हा ते एकट्याने फार काळ टिकले नाही, आणि १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. एका औषधाला चुकवणारा बदल विषाणूला सहज सापडतो; तिन्ही औषधांना एकाच वेळी चुकवणारे सगळे बदल एकाच साखळीत योगायोगाने जमून येणे मात्र अतिशय अवघड असते.

पुनर्संयोजनाची भीती नेमकी इथे येते, कारण वेगवेगळ्या साखळ्यांत झालेले बदल एका साखळीत आणणे हेच त्याचे काम आहे. एचआयव्हीच्या प्रत्येक कणात आरएनएची एक नव्हे तर दोन साखळ्या असतात, आणि डीएनए उतरवताना विकर एका साखळीवरून दुसरीवर आणि पुन्हा पहिलीवर अशा उड्या मारते. जुन्या काळी पोथी उतरवून घेणाऱ्या लेखनिकापुढे एकाच पोथीच्या दोन प्रती असाव्यात, एका प्रतीचे पान फाटलेले निघाले की त्याने दुसऱ्या प्रतीत तीच ओळ शोधून तिथून पुढे लिहीत जावे, तसा हा प्रकार आहे. दोन्ही प्रती शब्दशः सारख्या असतील, तर या उड्यांचा मागमूसही नव्या प्रतीत राहत नाही. एका प्रतीत एके ठिकाणी पाठभेद असेल आणि दुसरीत दुसऱ्या ठिकाणी, तर नव्या प्रतीत दोन्ही पाठभेद येऊ शकतात किंवा दोन्ही गळूही शकतात. एका नकलेत अशा अनेक उड्या होतात, हे प्रयोगशाळेत मोजले गेले आहे. पेशीच्या प्रकारानुसार त्यांची संख्या कमी-जास्त होते.

गैरसमज होतो तो याच्या पुढच्या टप्प्यावर. दोघांचे विषाणू रक्तात किंवा वीर्यात एकमेकांना भेटले आणि एकजीव झाले, असे काही घडत नाही. आधी दोन वेगवेगळ्या विषाणूंनी एकाच पेशीत शिरावे लागते. मग त्या पेशीतून बाहेर पडणाऱ्या कणात एक साखळी पहिल्याची आणि एक दुसऱ्याची अशी जोडी भरली जावी लागते. नंतर त्या कणाने आणखी एका नव्या पेशीला गाठावे लागते. आणि तिथे डीएनए उतरवताना विकराने योग्य जागी उडी मारली, तरच मिश्र विषाणू तयार होतो. पेशीत दोन्ही विषाणूंच्या साखळ्या समसमान असतील आणि जोडी जमताना कोणतीही आवडनिवड नसेल, तर निम्मे कण मिश्र जोडीचे निघतील. प्रत्यक्षात काही आवडनिवड असते. दोन साखळ्या सुरुवातीला एकमेकींना धरतात त्या ठिकाणी सहा अक्षरांचा एक छोटा तुकडा असतो. तो एचआयव्हीच्या ‘बी’ आणि ‘सी’ या उपप्रकारांत वेगळा आहे आणि त्यामुळे त्यांची परस्परांशी जोडी तितकीशी सहज जमत नाही. शिवाय एकदा बाधित झालेली पेशी आपल्या पृष्ठभागावरील सीडीफोर, म्हणजे विषाणू ज्याला धरून आत शिरतो ते प्रथिन, कमी करते, त्यामुळे दुसऱ्या विषाणूला तिच्यात शिरणे कठीण जाते.

एकाच पेशीत दोन विषाणू मुळात किती वेळा सापडतात, यावर तज्ज्ञांमध्ये बराच खल झालेला आहे. २००२ मध्ये प्लीहेतील बाधित पेशी तपासल्या गेल्या, तेव्हा एकेका पेशीत सरासरी तीन-चार विषाणूंचे डीएनए आढळले होते. पुढे रक्तातील पेशींवर झालेल्या कामात बहुसंख्य पेशींत एकच आढळले. मला दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटत नाहीत. रक्त आणि प्लीहा या वेगळ्या जागा आहेत, आणि जिथे पेशी एकमेकींना खेटून असतात तिथे विषाणू एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत जातो. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट एवढीच की या साखळीतील प्रत्येक टप्प्याला वाढता, पेशीमागून पेशी बाधित करणारा विषाणू लागतो. टीएलडीतील टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन औषधे त्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजचेच काम बंद पाडतात आणि डोल्युटेग्राविर तयार झालेला डीएनए पेशीच्या डीएनएमध्ये घुसू देत नाही. नक्कल उतरवणाराच थांबला, की उड्या मारणार कोण?

आता जी गोष्ट मी प्रत्येक जोडप्याला आवर्जून सांगतो ती. पुनर्संयोजनासाठी दुसऱ्या माणसाचा विषाणू लागतोच असे नाही. उपचार न घेणाऱ्या किंवा गोळ्या वारंवार चुकवणाऱ्या एकाच रुग्णाच्या शरीरात थोड्या-थोड्या फरकाचे असंख्य विषाणू एकाच वेळी नांदत असतात आणि त्यांचे आपापसांत पुनर्संयोजन रोज चालते. त्यातून काय होते, हे एका उदाहरणाने पाहू. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजच्या १०३ व्या जागेवर लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅस्पॅराजिन आले, की इफाव्हिरेंझ आणि नेव्हिरापिन ही औषधे लागू पडत नाहीत. या बदलाला के-१०३-एन म्हणतात आणि तो एका अक्षराने होतो. १८४ व्या जागेवर मेथिओनिनऐवजी व्हॅलिन आले, की लॅमिव्हुडिन निष्प्रभ होते. तो एम-१८४-व्ही, आणि तोही एकाच अक्षराचा. समजा, एका विषाणूत पहिला बदल आहे आणि दुसऱ्यात दुसरा. दोन जागांमध्ये ८१ अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रत्येकी तीन अक्षरे धरून २४३ अक्षरांचे अंतर आहे. विकराची एखादी उडी या २४३ अक्षरांच्या पट्ट्यात बरोबर पडली, तर तयार होणाऱ्या विषाणूत एक तर दोन्ही बदल एकत्र येतील, किंवा उडी उलट दिशेची असेल तर दोन्ही निघून जाऊन औषधांना पूर्णपणे बधणारा विषाणू तयार होईल. जवळजवळ असलेले बदल त्यामुळे बहुधा एकत्रच प्रवास करतात आणि दूरचे बदल लवकर विलग होतात किंवा जुळतात.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. पुनर्संयोजन नवे अक्षर लिहीत नाही. चुकीमुळे आधीच निर्माण झालेल्या बदलांची ते फक्त नवी मांडणी करते. म्हणून आपल्या दोघांपैकी कोणाच्याही विषाणूत औषधाला विरोध करणारा बदल नसेल, तर दोघांचे विषाणू कितीही मिसळले तरी त्यातून औषधाला न जुमानणारा विषाणू आपोआप निघू शकत नाही. दुसरे म्हणजे, असे बदल ज्या शरीरात अर्धवट औषधांच्या छायेत विषाणू वाढत राहतो, तिथे तयार होतात आणि टिकतात. औषध पूर्ण मात्रेत असेल तर विषाणू वाढत नाही, औषध मुळीच नसेल तर बदललेल्या विषाणूला काही फायदा मिळत नाही. दोहोंच्या मधली अवस्था सर्वांत घातक. इंटरनेटवरील व्हिडिओंमध्ये ‘सुपर एचआयव्ही’ म्हणून जे दाखवले जाते, त्यात ही मधली अवस्था कोणी सांगत नाही, कारण तिच्यात सनसनाटी काही नसते.

दुसऱ्या माणसाकडून पुन्हा लागण होण्याच्या, म्हणजे ‘सुपरइन्फेक्शन’च्या, घटना २००२ मध्ये प्रथम नीटपणे सिद्ध झाल्या आणि त्यानंतर अनेक देशांत नोंदवल्या गेल्या. त्या प्रामुख्याने ज्यांचा विषाणू उपचारांनी दबलेला नव्हता अशा व्यक्तींत आढळल्या. तेव्हा आपल्या नातेवाइकाचे ‘आता भीती कशाची’ हे म्हणणे सरसकट बरोबर नाही. तरीही आपल्या बाबतीत काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला आपल्या प्रश्नावरून ठरवता येत नाहीत. आपल्यापैकी एकाकडूनच दुसऱ्याला लागण झाली असेल, तर दोघांचे विषाणू एकाच मुळाचे आहेत आणि त्यांच्या मिसळण्याने विशेष काही नवे घडण्याची शक्यता कमी. लग्नाआधी दोघांनाही वेगवेगळ्या ठिकाणी लागण झाली असेल, तर फरक जास्त असणार. आपण दोघांनी टीएलडीच्या आधी कोणती औषधे घेतली, हेही तितकेच महत्त्वाचे. इफाव्हिरेंझ असलेली टीएलई ही गोळी आपल्याकडे बरीच वर्षे पहिल्या फळीत होती, आणि त्या काळात एखाद्याचे उपचार मध्येच तुटले असतील तर वर सांगितलेले बदल त्याच्या शरीरात साठून राहिलेले असू शकतात. विषाणूचा डीएनए दीर्घायुषी पेशींमध्ये वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. जुना बदल एकदा त्या साठ्यात गेला की तो तिथून सहसा पुसला जात नाही. सुदैवाने के-१०३-एनचा टीएलडीवर परिणाम होत नाही, कारण तिच्यात त्या गटाचे औषधच नाही. एम-१८४-व्ही असला तरीही डोल्युटेग्राविर सहसा उत्तम काम करते. आफ्रिकेत झालेल्या ‘नाडिया’ चाचणीचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष याबाबत बरेच आश्वासक आहेत.

थोडक्यात, आजच्या घडीला चित्र असे आहे: आपला विषाणू दबलेला आहे आणि आपल्या शरीरात रोज तीन औषधे हजर आहेत, त्यामुळे पत्नीचा विषाणू आपल्यापर्यंत पोचला तरी त्याला आधी त्या औषधांतून पार व्हावे लागेल. निरोगी माणसाला लागण होऊ नये म्हणून ज्या प्रतिबंधक गोळ्या देतात, त्यांतही टेनोफोविरच असते. धोका उरतो तो एवढाच की पत्नीच्या विषाणूत टीएलडीलाच विरोध करणारे बदल झाले असतील तर. तसे झाले असण्याची शक्यता कमी आहे, पण ती दुसऱ्या अहवालाशिवाय नाकारता येत नाही. म्हणून त्यांचा व्हायरल लोड खाली येईपर्यंत कंडोम वापरण्याचा समुपदेशकांचा सल्ला योग्यच आहे. माझी तक्रार फक्त सांगण्याच्या पद्धतीविषयी आहे. ‘विषाणूंची अदलाबदल होईल’ एवढेच सांगितले की जोडप्याच्या मनात एकमेकांविषयी संशय आणि भीती बसते, आणि खरी जबाबदारी गोळीवर आहे हे मागे पडते.

सबटाइपविषयी आपण विचारले आहे, तेव्हा या विविधतेचा थोडा इतिहास सांगतो. चिंपांझीतील ज्या विषाणूपासून एचआयव्ही-१ आला, तो स्वतःच दोन वेगळ्या जातींच्या माकडांमधील विषाणूंच्या पुनर्संयोजनातून बनलेला होता. माणसांत आल्यावर त्याचा ‘एम’ हा गट १९२० च्या दशकात आफ्रिकेतील आजच्या किन्शासा शहराच्या परिसरात पसरू लागला, असे जनुकीय अभ्यास सांगतात. या गटाचे आता ए, बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के आणि एल असे उपप्रकार मानले जातात. त्यांतील ‘एल’ची भर २०१९ मध्ये पडली. याखेरीज शंभराहून अधिक मिश्र प्रकारांना स्वतंत्र क्रमांक मिळाले आहेत. एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान तीन व्यक्तींमध्ये तोच मिश्र विषाणू सापडला, तरच त्याला असा क्रमांक मिळतो. आग्नेय आशियातील साथ मुख्यतः ०१-एई या प्रकारामुळे पसरली, पश्चिम आफ्रिकेत ०२-एजी हा मिश्र प्रकार प्रबळ आहे, आणि चीनमध्ये बी आणि सी यांचे मिश्रण मोठ्या प्रमाणावर आढळते. यांपैकी कोणताही प्रकार ‘औषधांना न जुमानणारा’ नाही. त्या देशांतील लाखो रुग्ण आपल्याला मिळतात त्याच औषधांवर उत्तम जगत आहेत.

भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून एचआयव्हीची पहिली नोंद झाली. आपल्याकडचा बहुतांश, म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक, विषाणू सी उपप्रकाराचा आहे. ईशान्य भारतात, विशेषतः मणिपूरमध्ये, सुईने नशा करणाऱ्यांमध्ये बी आणि सी दोन्ही पोचल्यामुळे तिथे बी-सी मिश्रणे सापडली. आणि ही गोष्ट केवळ दूरच्या राज्यांची आहे असेही नाही. पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने अमेरिकेतील संशोधकांबरोबर केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भारतातील सी विषाणूंची संपूर्ण जनुकीय साखळी वाचताना ए आणि सी यांचे मिश्रण आढळले होते. मिश्र विषाणू ओळखण्यासाठी आजही जगभर वापरली जाणारी ‘सिमप्लॉट’ ही संगणकीय पद्धत त्याच अभ्यासातून पुढे आली.

आता खासगी तपासणी. माझे स्पष्ट मत आहे की सबटाइप कळावा एवढ्यासाठी आपण पैसे खर्च करू नयेत. एक तर उपचार सबटाइपवरून ठरत नाहीत. सी असो, ए असो किंवा दोहोंचे मिश्रण असो, टीएलडीच द्यायची असते. दुसरे कारण असे की खासगी प्रयोगशाळेत जी जनुकीय चाचणी होते, ती बहुधा औषधविरोध पाहण्यासाठी असते आणि ती विषाणूचा केवळ ‘पोल’ नावाचा भाग, त्यातलाही प्रोटिएज आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज एवढाच तुकडा, वाचते. अहवालावर ‘सबटाइप सी’ छापून येते त्याचा अर्थ तेवढा तुकडा सी आहे, इतकाच. विषाणूच्या बाहेरील आवरणाचा भाग दुसऱ्या उपप्रकाराचा असेल तर या चाचणीला त्याचा पत्ताही लागत नाही. तिसरे म्हणजे, रक्तात पुरेसा विषाणू असल्याशिवाय ही चाचणी होतच नाही; साधारणतः व्हायरल लोड एक हजाराच्या वर असावा लागतो. आपल्या स्वतःच्या नमुन्यातून त्यामुळे काहीही निष्पन्न होणार नाही. पत्नीच्या नमुन्यातून होईल, परंतु ती वेळ अजून आलेली नाही; आणि पुढे ती आलीच, तर डोल्युटेग्राविर ज्यावर काम करते तो इंटिग्रेजचा भागही वाचून घ्या असे प्रयोगशाळेला वेगळे सांगावे लागते. तो वाचला नाही तर टीएलडीवरील रुग्णाच्या दृष्टीने अहवालाचा मुख्य भागच कोरा राहतो. असे अपुरे अहवाल घेऊन आलेले रुग्ण मी पाहिलेले आहेत.

४,२०० या आकड्याचे काय करायचे, हे त्या मानाने सोपे आहे. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार व्हायरल लोड एक हजार किंवा अधिक आला, तर लगेच औषध बदलत नाहीत. गोळ्यांच्या नियमितपणाविषयी सखोल समुपदेशन करून, तीन महिने एकही डोस न चुकवता घेतल्यावर तपासणी पुन्हा करतात. माहेरी असताना गोळ्या संपल्या, हे कारण आपल्याला ठाऊक आहे, आणि अशा कारणाने वाढलेला आकडा बहुतेक रुग्णांत पुन्हा खाली येतो. पुढच्या वेळी बाहेरगावी जायचे असेल, तर केंद्रात आधी सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात. अचानक जावे लागलेच तर उपचारांची पुस्तिका सोबत ठेवावी, म्हणजे जवळच्या एआरटी केंद्रातून मधल्या दिवसांची सोय करून घेता येते.

तरीही एक गोष्ट मी आपल्या पत्नींना नक्की विचारीन, कारण ती कोणी आपणहून सांगत नाही. त्या लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेतात का? आपल्याकडे विडी वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या कितीतरी बायकांना अशक्तपणासाठी आरोग्य केंद्रातून या गोळ्या मिळतात, आणि लक्षात राहावे म्हणून त्या रात्री टीएलडीसोबत एकाच घोटात घेतल्या जातात. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम हे धातू डोल्युटेग्राविरला आतड्यातच धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे पोचत नाही. बाई एकही गोळी चुकवत नाही आणि व्हायरल लोड मात्र हलत नाही, असे दिसले की मी प्रथम त्यांच्या पिशवीतील सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला सांगतो. उपाय साधा आहे: टीएलडी आधी घ्यावी आणि लोह-कॅल्शियम किमान दोन तासांनी, किंवा लोह-कॅल्शियम आधी घेतले असेल तर टीएलडी सहा तासांनी. भरपेट जेवणासोबत घ्यायच्या असतील तर लोह-कॅल्शियम आणि टीएलडी एकत्र चालतात. अ‍ॅसिडिटीसाठीच्या पांढऱ्या पातळ औषधाला मात्र जेवणाची ही सवलत नाही, तिथे वेळेचे अंतर पाळावेच लागते. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागते, हेही इथेच सांगून ठेवतो, कारण खासगी डॉक्टरकडे क्षयाचे उपचार सुरू झाल्याचे एआरटी केंद्राला कळवायचे राहून जाते.

तीन महिन्यांनंतरचा अहवाल पुन्हा एक हजाराच्या वर आला, तर केंद्र त्यांचे कागदपत्र राज्यस्तरीय तज्ज्ञ समितीकडे पाठवील आणि औषध बदलायचे का, औषधविरोधाची चाचणी करायची का, हे तिथे ठरेल. दोघांच्या विषाणूंचा मूळ स्रोत आणि जुन्या औषधांचा इतिहास त्या वेळी खरा उपयोगी पडतो. म्हणून दोघांचीही जुनी कार्डे, अगदी पहिल्या वर्षाची असली तरी, जपून ठेवा आणि आपण टीएलईवर होता का, केव्हा खंड पडला होता, हे एका कागदावर लिहून काढा.

मुलाचा विचार अवश्य करावा. आई-वडील दोघांचाही विषाणू दबलेला असताना नैसर्गिक पद्धतीने गर्भधारणा होऊ द्यायला हरकत नाही, टीएलडी गरोदरपणातही चालू ठेवतात, आणि आईचा विषाणू गर्भधारणेच्या आधीपासून दबलेला राहिला तर बाळाला लागण होण्याची शक्यता अत्यंत कमी होते. बाळाला जन्मानंतर काही आठवडे प्रतिबंधक औषध द्यावे लागते आणि सहाव्या आठवड्यात त्याची पहिली तपासणी होते. माझा आग्रह एवढाच की पत्नीचा आकडा एकदा खाली आला म्हणून लगेच कंडोम थांबवू नका. दोन लागोपाठचे अहवाल समाधानकारक येऊ द्या. येत्या तीन महिन्यांत किती डोस चुकले, लोह-कॅल्शियम कोणत्या वेळी घेतले आणि दुसऱ्या अहवालात आकडा काय आला, हे तीन तपशील घेऊन आपल्या एआरटी केंद्रातील डॉक्टरांकडे दोघांनी एकत्र जावे. कंडोम केव्हा थांबवायचा आणि गर्भधारणेची तयारी केव्हा करायची, हे त्यावरून लगेच ठरवता येईल.